शेवटच्या चरणातले नाव

मराठीत खासगी संगीतसंग्रहांचा इतिहास कोणी लिहायला घेतला तर तो बहुधा पुण्या-मुंबईच्या दिवाणखान्यांतून सुरू होईल. तबकड्यांचे कपाट, मग कॅसेटींचे खण, मग सीडी, आणि अखेर घरच्या संगणकात गायक, राग, वर्ष अशा रकान्यांत लावलेली हजारो गाणी, असा त्याचा सरळ चढता आलेख निघेल. हा इतिहास खोटा नाही. पण तो थोड्यांचा आहे. २०११ च्या जनगणनेत देशातील ग्रामीण कुटुंबांपैकी संगणक असलेली कुटुंबे जेमतेम पाच टक्के भरली, तर कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा फोन असलेली निम्म्याहून अधिक. म्हणजे गाणी बाळगणाऱ्या बहुसंख्य माणसांच्या आयुष्यात घरचा संगणक हा टप्पा आलाच नाही. ती माणसे कॅसेटवरून जवळजवळ थेट फोनमधल्या कार्डावर आली.

या उडीचा इतिहास पाहण्यासाठी अहमदनगर जिल्हा (२०२४ पासून त्याचे नाव अहिल्यानगर झाले आहे) फार सोयीचा आहे, आणि त्याचे कारण केवळ तिथली मोबाइलची दुकाने हे नव्हे. जिथे ग्रंथपाल नाही, सूची नाही, कपाटही नाही, तिथे गाणे कोणाचे हे गाण्यानेच सांगायचे, ही युक्ती या जिल्ह्यात सातशे वर्षे जुनी आहे.

ज्ञानेश्वरी नेवाशात सिद्ध झाली. दुर्गा भागवतांच्या 'पैस'मुळे तिथला खांब मराठी वाचकाच्या मनात कायमचा उभा आहे. आपल्या विषयाच्या दृष्टीने मात्र खांबापेक्षा ग्रंथाची अखेर महत्त्वाची. अठराव्या अध्यायाच्या शेवटी रचनेचा शक १२१२, म्हणजे इ. स. १२९०, आणि लेखनिक सच्चिदानंदबाबांचे नाव ओवीतच गुंफलेले आढळते. ती ओवी मूळची की मागाहून घातलेली, हा वाद बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरते : संस्कृत पोथ्यांत जी पुष्पिका संहितेच्या बाहेर, गद्यात लिहिली जाई, ती इथे छंदाच्या आत शिरली आहे. जो ग्रंथ म्हणेल त्याला ती म्हणावीच लागते. पुढे शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, तेव्हा त्यांनीही आपल्या शोधनाची नोंद ओव्यांतच ठेवली आणि या पाठात जो आपली ओवी घुसडील तो अमृताच्या ताटात नरोटी ठेवील, असे बजावले. नकला करणाऱ्यांपुढे हात जोडणारा हा मजकूर पाठभेदांच्या इतिहासात महत्त्वाचा मानला जातो. नकलाकारांवर तेव्हाही फारसा विश्वास नव्हता, एवढे त्यावरून दिसते.

अभंगाने ही सोय आणखी आटोपशीर केली. पारनेर तालुक्यातील पिंपळनेरचे निळोबा आपल्या अभंगाच्या शेवटच्या चरणात 'निळा म्हणे' अशी मुद्रा घालतात. नाममुद्रेचा विचार आपण सहसा भक्तीच्या किंवा कर्तृत्वाच्या अंगाने करतो : कवी देवापुढे स्वतःचे नाव घेऊन उभा राहतो, किंवा आपल्या वचनाची ग्वाही देतो. ते खरेच आहे. परंतु तिचे एक रोकडे कामही आहे. ती सूचीतली नोंद आहे, आणि ती अशा जागी आहे की गाण्यापासून तोडता येत नाही. तोडली तर चरण लंगडा पडतो, यमक उघडे पडते. कागद फाटला, बाड वाळवीने खाल्ले, शिकवणारा बुवा गेला, तरी ज्याला अभंग पाठ आहे त्याला कवीचे नाव पाठ असतेच. अर्थात ही नोंद पुरावा नव्हे. 'नामा' या मुद्रेखाली विष्णुदास नाम्याच्या आणि इतर अनेकांच्या रचना मिसळल्या आहेत, आणि त्या वेगळ्या करण्यात आमच्या संशोधकांच्या पिढ्या गेल्या. पण चुकीच्या खणात ठेवलेले पुस्तक आणि खणच नसलेले पुस्तक यांत फरक असतो. राहुरी तालुक्यातील ताहराबादच्या महिपतींनी १७६२ मध्ये 'भक्तविजय' पूर्ण केला, तेव्हा संतांच्या कथा-कवितांचा जो पसारा त्यांच्यापुढे होता त्याला कोणत्याही छापील सूचीचा आधार नव्हता. कोणते पद कोणाचे हे पदांनीच सांगायचे होते.

नावाखेरीज संग्रहाला दुसरी गोष्ट लागते, ती म्हणजे क्रम. या बाबतीतही वारकरी परंपरेने स्वतःचे शास्त्र बनवले होते. भजनाच्या बाडात किंवा पुढे छापून आलेल्या भजनी मालिकांत अभंग कवीनुसार लावलेले नसतात. ते वेळेनुसार लावलेले असतात. पहाटेचा काकडा, मग वाराचे अभंग (सोमवारचे वेगळे, गुरुवारचे वेगळे), संध्याकाळचा हरिपाठ, गौळणी, भारुडे. कवी कोण हे शेवटच्या चरणात कळतेच, तेव्हा ते रकान्यात पुन्हा लिहिण्याची गरज नाही. रकाना वेळेसाठी मोकळा राहतो. कर्ता गाण्याच्या पोटात आणि प्रसंग गाण्याच्या बाहेर, अशी ही विभागणी आहे, आणि ती पुढे कॅसेट-कार्डांपर्यंत टिकली असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

नगर शहरात १८३१ पासून काम करणाऱ्या अमेरिकन मराठी मिशनने याच्या शेजारी दुसरी रीत आणून ठेवली : उपासनेच्या पुस्तकात प्रत्येक पदाला क्रमांक. नारायण वामन टिळकांनी अभंगाचा साज ख्रिस्ती उपासनेला चढवला आणि मंडळीने ते अभंग क्रमांकाने मागवायला सुरुवात केली. खिशात मावणारे, आकड्यांनी चालणारे ते संगीताचे ग्रंथालयच होते. पण त्यावर इथे अधिक लिहीत नाही. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

ध्वनिमुद्रण आले आणि पहिल्याच पावलाला नाममुद्रा नव्या रूपात परतली. फ्रेडरिक गैसबर्गने नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्यात ग्रामोफोन कंपनीसाठी पहिली मुद्रणे केली. त्यांच्या तबकड्या निघत जर्मनीतल्या हॅनोव्हर येथे, आणि तिथल्या कारागिरांना कोणत्या साच्यावर कोणाची चिठ्ठी डकवायची हे कळावे म्हणून गायिकेने तीनेक मिनिटांचे गाणे संपताच इंग्रजीत स्वतःचे नाव पुकारायचे, अशी पद्धत पडली. गौहर जानचा तो शेवटचा पुकार प्रसिद्धच आहे. तो ऐकून आज आपल्याला गंमत वाटते, कोणी त्यात गायिकेचा ठसकाही ऐकतात. मुळात मात्र ती सूचीकाराची सोय होती. भाषा न कळणाऱ्या माणसाच्या हाती गाणे द्यायचे तर नाव गाण्याच्या आतच, आणि तेही शेवटी, असले पाहिजे. पिंपळनेरच्या अभंगकाराला हे तर्कशास्त्र परके वाटले नसते. १९०८ मध्ये कलकत्त्यात सियालदा येथे कारखाना निघाला, चिठ्ठ्या इथेच लागू लागल्या आणि तो पुकार हळूहळू बंद पडला.

तबकडी खेड्यात क्वचितच पोचली. पोचली ती कॅसेट. फिलिप्सने १९६३ मध्ये आणलेली ही वस्तू आपल्याकडे १९८० नंतर एवढी स्वस्त झाली की टपरीत, जीपमध्ये, ट्रॅक्टरवर ती वाजू लागली. उत्तर भारतातल्या या घडामोडींवर पीटर मॅन्युएल यांचा ग्रंथ १९९३ मध्ये आला. मराठी कॅसेटचा तसा इतिहास लिहिला जायला हवा. वगनाट्ये, भारुडे, कीर्तने, भीमगीते, यात्रेची गाणी यांना कॅसेटमुळे जो श्रोता मिळाला तो आकाशवाणीने क्वचितच दिला होता. संगमनेरच्या कांताबाई सातारकर (मृत्यू २०२१) यांच्यासारख्या कलावंतांची कला एरवी यात्रेपुरती भेटत असे. कॅसेटमुळे ती घरात येऊन राहिली.

आपल्या विषयाला महत्त्वाची आहे ती छापील वेष्टनातली कॅसेट नव्हे, तर भरून घेतलेली. तालुक्याच्या गावी दुकानात कोरी कॅसेट आणि गाण्यांची यादी द्यायची, चार दिवसांनी न्यायला जायचे. साठ मिनिटांच्या कॅसेटच्या एका बाजूला अर्धा तास, म्हणजे सहा-सात गाणी. निवड करणे भागच असे, आणि एका बाजूची वेळ भरताना शेवटचे गाणे अर्ध्यात तुटण्याची भीती सतत असे. म्हणजे नेमका शेवटचा चरण! तुटलेला अभंग हा देवाघरचा अपमान मानणारी माणसे दुकानदाराशी यावरून भांडलेली आहेत. कॅसेटच्या डबीतल्या पुठ्ठ्यावर दुकानदार बॉलपेनने गाण्याचे पहिले शब्द लिही. कवीचे नाव लिहीत नसे. लागत नव्हतेच.

एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात या दुकानात संगणक आला. नखाएवढे मेमरी कार्ड २००४ च्या सुमारास बाजारात उतरले आणि पाच-सहा वर्षांत स्वस्त फोनांमध्ये सर्रास बसू लागले. एक गिगाबाइटच्या कार्डावर साधारण दोनशे गाणी मावत. कॅसेटींचा अख्खा खण त्या नखात आला. बाजारपेठांत, एस. टी. स्थानकांच्या आसपास, काष्टी-घोडेगावसारख्या गुरांच्या मोठ्या बाजारांच्या गावी, गाणी 'डाउनलोड' करून देणारी दुकाने दिसू लागली. म्हणून संगणकाविना संग्रह हे वर्णन थोडे सुधारून घ्यायला हवे : संगणक होता, पण तो दुसऱ्याचा होता. एकाने लिहायचे आणि पंचक्रोशीने म्हणायचे, ही पोथीच्या काळातलीच व्यवस्था होती. दुकानातला पोरगा हा नवा लेखनिक.

हे असे का झाले याची कारणे गरिबीपुरती नाहीत. ग्रामीण महाराष्ट्रात त्या वर्षांत भारनियमन दिवसाचे कित्येक तास चाले; भिंतीतल्या विजेवर अवलंबून असणारे यंत्र शोभेचे ठरले असते, फोन मात्र वीज येईल तेव्हा भरून ठेवता येई. शिवाय या जिल्ह्यातली माणसे हलती आहेत. सहकारी साखर कारखानदारीचा पाया प्रवरानगरला घातला गेला त्याच जिल्ह्यातल्या पाथर्डी-शेवगावकडची कुटुंबे दिवाळीच्या मागेपुढे ऊसतोडीला निघतात आणि उन्हाळ्यात परततात. सहा महिने पाचटाच्या कोपीत राहणाऱ्याने संग्रह ठेवायचा कुठे? जो संग्रह टोळीबरोबर जाऊ शकतो तोच त्याचा. फोनमधून काढलेले कार्ड ट्रॅक्टरवरच्या वाजवणाऱ्या डब्यात बसे, तिथून परत फोनमध्ये येई. दुकान नसेल तिथे ब्लूटूथने गाणी एका फोनातून दुसऱ्यात जात. एक गाणे जायला मिनिटभर लागे आणि तेवढा वेळ दोन माणसांना एकमेकांशेजारी बसावे लागे.

आणि हा संग्रह सांभाळला जाई, केवळ साठवला जात नसे. साध्या फोनमध्ये देवनागरी नावांच्या जागी चौकोन दिसत, म्हणून नावे रोमन लिपीत लिहायची. फोन वर्णक्रमाने लावतो, म्हणून नावाच्या आधी आकडे घालायचे, आणि दहावे गाणे दुसऱ्याच्या आधी येऊ नये म्हणून आकड्यांमागे शून्ये जोडायची. स्वस्त डबे तर नावही पाहत नसत : कार्डावर जे आधी उतरवले ते आधी वाजे. त्यामुळे काकडा आधी आणि हरिपाठ नंतर यायचा तर त्याच क्रमाने उतरवून घ्यावे लागे. हे ज्याला ठाऊक तो दुकानदाराला फोल्डर एकेक करून टाकायला लावी. सकाळ, संध्याकाळ, सप्ताह, लग्न, यात्रा असे फोल्डर पडत. हे ज्ञान कोणत्याही पुस्तिकेत नव्हते, आणि तरी त्याची घडण भजनी मालिकेच्या घडणीशी तंतोतंत जुळते. मालिकेची पाने पाठ असलेल्या माणसाने कार्ड लावले तर दुसरे काय होणार?

दुकानदाराला चोर म्हणणे सोपे आहे. १९५७ च्या प्रताधिकार कायद्याच्या नजरेतून त्याचा धंदा बेकायदा होता यात शंका नाही, आणि ज्या गायकांच्या कॅसेटी खपायच्या थांबल्या त्यांचे नुकसानही खरे होते. पण ज्याने विकत घ्यायचे ठरवले असते त्यालाही वगाची किंवा भारुडाची अधिकृत प्रत मिळवण्याची तालुक्याला फारशी सोय नव्हती, हेही तितकेच खरे. माझ्या मते त्या दुकानाचा खरा दोष निराळा आहे. त्याने नावे घालवली.

एमपी३ धारिकेत नाव लिहिण्याची जागा असते. १९९६ मध्ये एरिक केम्प यांनी ती योजली आणि, योगायोग म्हणा, ती धारिकेच्या अगदी शेवटी ठेवली : १२८ बाइट्सची एक चिठ्ठी, तिच्यात गाण्याच्या नावाला ३०, कलाकाराला ३०, संग्रहाला ३०, वर्षाला ४, शेऱ्याला ३० आणि प्रकाराला एक. अभंगाची मुद्रा जिथे, तबकडीवरचा पुकार जिथे, तिथेच हीही. फरक एवढाच की ही चिठ्ठी गाण्याच्या शेवटी असली तरी गाण्याच्या आत नाही. ती ऐकू येत नाही, आणि गाण्याला धक्का न लावता पुसता किंवा बदलता येते. तिच्यात कवीसाठी जागा नाही. 'कलाकार' एकच, आणि तो गायक. प्रकारांच्या मूळ ऐंशी नोंदींत पोल्का आहे, गॉस्पेल आहे, ग्रंज आहे. अभंग, लावणी, पोवाडा, भारूड यांपैकी काही नाही. देवनागरीसाठी तर ती आखलेलीच नव्हती. युनिकोडची सोय १९९८ च्या पुढल्या आवृत्तीत आली, तेव्हा चिठ्ठीही धारिकेच्या आरंभी गेली. ज्या संकेतस्थळांवरून दुकाने गाणी उतरवत त्यांनी या जागांत स्वतःच्या जाहिराती भरल्या. गायकाच्या जागी संकेतस्थळ, संग्रहाच्या जागी संकेतस्थळ, शेऱ्यातही तेच. लेखनिकाने पुष्पिकेत स्वतःचे नाव लिहावे हे ठीक. त्याने कवीचे खोडून आपले लिहावे, असे पोथ्यांच्या काळात सहसा होत नसे.

या पडझडीत कोण वाचले? ज्यांनी नाव चरणात घातले होते ते. वामनदादा कर्डक (१९२२–२००४) हे संगमनेरला लागून असलेल्या सिन्नर तालुक्यातील देशवंडीचे. त्यांची गीते असंख्य गळ्यांतून आणि असंख्य कार्डांवरून फिरली. फोल्डरला नाव गायकाचे, चिठ्ठीत नाव संकेतस्थळाचे, कवीचे कुठेच नाही. आणि तरीही ऐकणाऱ्याला गीत वामनदादांचे हे माहीत असते, कारण अखेरच्या कडव्यात अनेकदा 'वामन' येतोच. आंबेडकरी जलशांनी आणि शाहिरांनी संतांची ही युक्ती उचलली, याचा विचार आपल्या समीक्षेत शैलीचा भाग म्हणून होतो. ती जगण्याची तजवीजही होती. छापखाना, ध्वनिमुद्रण कंपनी, आकाशवाणी यांपैकी कोणीही आपली नोंद ठेवील याची खात्री नसलेल्या कवीने नाव गाण्यातच शिवून टाकले. त्याच काळात मुद्रेविना लिहिणारे गीतकार किती होते? त्यांची गाणी कार्डांवर आजही वाजत असतील. ती कोणाची हे सांगणारे मागे काही उरले नाही.

जात्यावरच्या ओव्यांचे तर मुळापासूनच असे. ओवी रचणारी बाई स्वतःचे नाव घालत नाही. घातलेच तर भावाचे, लेकाचे, विठ्ठलाचे, गावाचे. गी पॉइतवँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, १९९० च्या दशकात बर्नार्ड बेल यांच्या साहाय्याने त्यांतल्या अनेक ध्वनिमुद्रित झाल्या, आणि २०१७ पासून ग्रामीण भारताच्या एका लोकसंग्रहाने, 'पारी'ने, त्या सर्वांना खुल्या केल्या आहेत. तिथे ओवीसोबत गाणारणीचे नाव आणि गाव येते. ज्या गाण्यांना आतून मुद्रा नव्हती त्यांना बाहेरून मुद्रा देण्याचे हे काम आहे, आणि म्हणून त्या ओव्या उतरवून घेताना धारिकेचे नाव बदलू नये, एवढे विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावेसे वाटते.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले, डेटा स्वस्त झाला आणि डाउनलोडच्या दुकानांचा धंदा बसला. आता ऐकणे बहुतांशी ऑनलाइन होते. अॅपमध्ये 'उतरवलेले' गाणेही त्या अॅपच्या मर्जीने वाजते. बऱ्याच नव्या फोनांत कार्डाची खाचच नसते. तरी भजनी मंडळांचे संग्रह संपलेले नाहीत. ते व्हॉट्सॅपच्या गटांत गेले आहेत. एखाद्या दिंडीच्या गटात वर्षभरात शेकडो अभंग, चाली, कीर्तनांचे तुकडे येतात आणि प्रत्येक फोनमध्ये साठत जातात. हे माध्यम ध्वनिधारिकेला बहुधा स्वतःचे नाव देते : तारीख, आणि त्या दिवशीचा अनुक्रमांक. मूळ नाव गेले, फोल्डर गेला, शून्ये जोडून लावलेला क्रम गेला. पिंपळनेरच्या अभंगाची आणि लग्नाच्या बँडची नोंद एकाच साच्यातली, आकड्यांची. कोणते काय आहे हे कळायला वाजवून पाहावे लागते, आणि कोणाचे आहे हे कळायला शेवटपर्यंत. स्टेटसला लावण्यासाठी अभंग कापतात तेव्हा मात्र ध्रुपद आणि एखादा चरण घेतात. अर्ध्या-एक मिनिटात 'निळा म्हणे' पर्यंत कोणी पोचत नाही.